सव्वा महिन्याची विहीर

परसू टँकर चालवतो म्हटलं की लोकांना वाटतं, असेल कुणीतरी दणकट, भांडकुदळ, हॉर्नवरचा हात न काढणारा गडी. कसलं काय घेऊन बसलात! परसू म्हणजे जागेपणी स्वप्नं बघणारा माणूस. सिग्नलला टँकर थांबला की डोळे तेवढे रस्त्यावर असतात, स्वतः परसू तिथं नसतोच. पाठीमागं टाकीत पाणी डुचमळत असतं आणि त्या आवाजानं त्याचं मन पाळण्यात घातल्यासारखं होतं. मागचे गाडीवाले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतात, आणि हा बाबा तिकडं निपाणीच्या आतल्या आपल्या गावी विहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेला असतो. बरं, बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये त्यानं काही बिघडतही नाही. जागा आणि झोपलेला, दोघेही तिथं एकाच वेळी पोचतात.

गाव सोड असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं. चार भावांत तंबाखूचं रान वाटलं गेलं, तेव्हा परसूच्या वाट्याला जो तुकडा आला त्यात बैल वळवायचा तर त्याचं तोंड शेजाऱ्याच्या रानात जायचं. घरात मराठी, शाळेत कन्नड, अशी दोन्हीकडची शिदोरी होती. ती घेऊन तो बंगळूरला, पीण्याच्या औद्योगिक वस्तीतल्या एका कारखान्यात लेथवर लागला. पण लेथ हे काही स्वप्नाळू माणसाला सोसणारं यंत्र नव्हे. एकदा बोट जाता जाता वाचलं तेव्हा मेस्त्रीनंच हात जोडले, "अण्णा, तू गाडी चालव, नाहीतर देवळात भजन कर, पण इथं नको." तेव्हापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याच्या बाजूला पाण्याचा टँकर.

तो आला तेव्हा तिकडं मध्ये मध्ये अजून नाचणीची रानं होती. आणि तळी होती. मग माणसं आली. कुणाचं रान वाटलं गेलं म्हणून आलं, कुणाला कंपनीनं बोलावलं म्हणून आलं. पुण्याची आली, नागपूरची आली, पार ओडिशा-बिहारकडची आली. शहरानं कुणालाच नको म्हटलं नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त एवढ्या माणसांनी प्यायचं काय, हे विचारायचं राहून गेलं. तळं होतं तिथं बसथांबा झाला, रान होतं तिथं काचेची इमारत झाली, आणि जमिनीत भोक पाडून पाडून पाणी इतकं खोल गेलं की ते वर आणून घरोघर पोचवणं हा परसूचा धंदा झाला. म्हणजे बघा, ज्या दुखण्यानं सगळे हैराण, त्याच दुखण्यावर ह्याचं पोट. परसूला हे कळत होतं, आणि कळलं की तो लगेच स्वप्नात जायचा. उंच उंच फ्लॅटच्या खाली ती जुनी तळी अजून तशीच आहेत, तळघरात उभ्या केलेल्या मोटारींच्या मधून मासे फिरताहेत, आणि वरच्या मजल्यावरची माणसं नळ उघडून खाली कान लावून बसलीत, असं काहीबाही त्याला दिसायचं. बायकोला सांगितलं तर ती म्हणायची, "पुरं की आता! भाजी आणायला सांगितली होती, ती कुठं हाय?"

ही बायको म्हणजे रंजिता. कितीतरी वर्षं परसू इतर ड्रायव्हरांबरोबर एका खोलीत राहिला आणि मग मोठ्या हिकमतीनं एका खोलीचं का होईना, स्वतःचं भाड्याचं घर करून तिला घेऊन आला. तिला पहिली मुलगी झाली. रंजिताची आई हयात नाही, म्हणून बाळंतपण इथंच, आणि बाळंतपणाला आली सासू, म्हणजे परसूची आई, गंगव्वा. डिंक, खारीक, बाळंतशेपा, आणि मांडीवर एक पितळेचा तांब्या, तोंडाला फडकं घट्ट बांधलेला. निपाणीपासून अख्ख्या प्रवासात म्हातारीनं तो खाली ठेवला नव्हता.

"त्यात काय गं, तूप?" परसूनं विचारलं.

"पाणी हाय. आपल्या विहिरीचं."

आता त्यांच्या घराण्याचा रिवाज सांगायला हवा. बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की पोराला घेऊन विहिरीवर जाते. काठावर पाच खडे मांडून हळदीकुंकू वाहायचं, विहिरीची ओटी भरायची, आणि पोराचं तोंड पाण्याला दाखवायचं. पाण्यानं एकदा पोराला ओळखलं की ते पोर त्या गावचं झालं. तोवर बाळंतिणीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि पाण्याचं भांडं उचलायचं नाही.

"तर कुठं हाय रं तुमची विहीर?" गंगव्वानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"आई, हितं विहीर न्हाई."

"मग माणसं पाणी कुठनं आणत्यात?"

"मी आणतो की!"

"आनि तू कुठनं आणतोस?"

"बोअरमधनं."

"आनि बोअरमध्ये कुठनं येतं?"

परसू टँकरची चावी बोटात फिरवायला लागला. गंगव्वा म्हणाली, "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार रं बाबा? असल्या गावात पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची?" आणि तिनं सरळ निकाल दिला. सव्वा महिना होईपर्यंत विहीर मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर त्या दिवशी तांब्यातलं पाणी पोरीच्या टाळूला लावायचं. पोरगी आपल्या गावची झाली. मग माय-लेकरानं सासूबरोबर गावाला चालायचं, आणि तिथंच राहायचं. परसूनं सणावाराला यावं.

परसू धसकला. कारण "गावाला जातो चार दिस" म्हणून गेलेल्या बायका-पोरांचं काय होतं, हे त्यानं व्यंकोजीच्या घरी बघितलं होतं. व्यंकोजी हा त्याचाच जोडीदार ड्रायव्हर. त्याची बायको चार दिवसांसाठी म्हणून गेली ती तिकडेच रमली, आणि दिवाळीला हा गावी गेला तेव्हा त्याच्याच पोरीनं आत ओरडून सांगितलं, "आई, टँकरवाले मामा आले!" व्यंकोजी हे हसत हसत सांगायचा. ऐकणारा एकही माणूस हसायचा नाही.

"तुला जायचंय का?" परसूनं रंजिताला हळूच विचारलं.

"मला न्हाई जायचं. एकटी राहून राहून इटले होते मी तिकडं," ती म्हणाली. "पर पाणी न पुजता पोरीला भाईर काढायचं माझं बी धाडस न्हाई. तुम्ही विहीर बघा."

घ्या! महादेवपुऱ्यात विहीर बघा. पण परसूनं मनावर घेतलं. आधी त्यानं आईला टँकरमध्ये बसवून बोअरवर नेलं. जमिनीतून वर आलेल्या पाइपाकडं गंगव्वा बराच वेळ बघत राहिली. "हे पाणी व्हय? हे तर दवाखान्यात नाकात नळी घातलेलं माणूस दिसतंय. ज्यात तोंड दिसत न्हाई ते पुजायचं कसं?" मग त्यानं तिला उरल्यासुरल्या एका तळ्यावर नेलं. तळं म्हणजे कुंपणापलीकडं सांडपाण्याच्या पांढऱ्या फेसाचे ढीग, वाऱ्यानं रस्त्यावर उडणारे. गंगव्वानं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "चल मागारी. आजारी बाईच्या पुढ्यात पोर नेत न्हाईत."

घरी कोपऱ्यात तांब्या बसला होता. परसू जेवायला बसला की तो बरोबर समोर यायचा.

आणि मग विहीर सापडली, तीही अगदी नाकासमोर. दोन टोलेजंग इमारतींच्या मधोमध एक जुना तुकडा राहून गेलेला, एक फणसाचं झाड, आणि बाकी सगळ्या जागेत भाड्यानं उभ्या केलेल्या मोटारी. जागा मंजुनाथ अण्णांची. एकेकाळी इकडची सगळी नाचणी त्यांच्या घराण्याची. आता ते खुर्ची टाकून मोटारींवर लक्ष ठेवतात. परसू तिथं रोज टँकर वळवायचा, पण फणसाखाली गंजक्या जाळीनं झाकलेलं ते गोल काय आहे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि पूजेचंही सांगितलं.

"बावी," अण्णा म्हणाले. "आमची विहीर. ह्यातच पोहायला शिकलो मी." मग मान हलवली, "पण नीरु इल्लप्पा. पाणी नाही रे. सगळीकडं बोअर झाले आणि ही आटली ती आटलीच. पूजा करा ना, खुशाल करा. पण आत वाकून आई बघणार काय?"

खरंच की! परसूनं जाळीतून आत पाहिलं. दगडी बांधकाम खणखणीत, कपारीत पारवे, आणि तळाला वाळलेली माती, त्यावर चार प्लास्टिकच्या बाटल्या. एखाद्या शहाण्या माणसानं तिथंच नाद सोडला असता. पण परसूला त्या कोरड्या विहिरीत एकदम भरलेली विहीर दिसली. आभाळासकट. आणि हा माणूस स्वप्नातून बाहेर येतो तेव्हा कधीकधी स्वप्न हातात घेऊनच येतो. त्यानं जाळी काढून, आत उतरून बाटल्या वेचल्या, कचरा काढला, आणि घरी जाऊन छाती पुढं काढून सांगितलं, "आई, विहीर मिळाली. पाण्याची."

सव्वा महिन्याच्या दिवशी सकाळी त्यानं टँकर भरला. हे पाणी पोचायचं होतं जवळच्याच एका सोसायटीत. आणि परसूनं काय करावं? टँकर मागे घेत घेत फणसाखाली लावला, जाड पाइप विहिरीत सोडला, आणि चावी फिरवली.

पारवे फडफडत वर उडाले. पाणी दगडांवरून घळाघळा उतरलं आणि विहिरीतून असा एक वास वर आला, मातीचा, शेवाळाचा, कधीच्या काळी कोंडलेल्या गारव्याचा, की मंजुनाथ अण्णा खुर्चीतून उठले. काठाशी आले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. तळ झाकला, एक पायरी बुडाली, दुसरी बुडाली. थरथरत थरथरत आभाळाचा एक तुकडा विहिरीत आला, मग फणसाची फांदी आली, मग त्यात दोन माणसांची तोंडं आली, एक म्हातारं, एक तरणं. अण्णांच्या डोळ्यांना धार लागली होती. परसूला वाटलं, आपण एवढी वर्षं ह्या जमिनीतून पाणी काढतोय, आणि परत दिलं ते आज पहिल्यांदा.

टँकर तिथंच सोडून तो घरच्यांना आणायला रिक्षानं निघाला. एवढ्याशा अंतराला वेळ तो काय लागणार? पण ते बंगळूर आहे. कुठंतरी रस्ता खणलेला, कुठंतरी गाडी बंद पडलेली. जाताना अडकला, येताना त्याहून अडकला. रिक्षात हिरव्या लुगड्यातली रंजिता, मांडीवर पोरगी, शेजारी गंगव्वा, तिच्या मांडीवर तांब्या. कारण तिचा मुलावर जीव होता, पण भरवसा नव्हता.

आणि फोन वाजला. सोसायटीच्या आसावरी मॅडम, पुण्याच्या. "परसूदादा, अहो टँकर कुठे आहे? लोकांच्या डोक्याला शॅम्पू आहे आणि नळाला पाणी नाही! ग्रुपवर माझी सालटी काढतायत सगळे!"

एका वेळी दोन खोटी परसूला पेलत नाहीत. "विहिरीत ओतला, मॅडम."

"प्लीज, जोक्स नकोत हो आता!"

त्या आसावरी मॅडमचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव त्या शॅम्पूत अडकायचा. दुपारी परसूनं पदरमोड करून दुसरी खेप टाकली आणि सगळं खरं सांगितलं. मॅडम तोंडाला येईल ते बोलल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही, मग जरा वेळानं म्हणाल्या, "मुलीचं नाव काय ठेवलंत?" झालं ते एवढंच.

तर रिक्षा पोचली. परसू आधी उडी टाकून पुढं पळाला, वाकून बघितलं, तर काय? पाणी गेलं होतं! भिंती ओल्याकिच्च, पायऱ्यांवरून थेंब ठिबकताहेत, आणि तळाच्या चिखलात मधोमध परातीएवढं डबकं. बाकी सगळं ओम फस्. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीत टँकर ओतून ती भरून राहील असं कुणाला वाटेल? परसूला वाटलं होतं.

"आई, बघू नको," तो म्हणाला.

असं म्हटल्यावर कुठली आई बघणार नाही? गंगव्वा आली, कठड्याला हात टेकून वाकली. मग तिनं जमिनीवरच्या चाकांच्या खुणा बघितल्या, फणसाखालचा टँकर बघितला, त्याच्या पाइपातून अजून गळणारं पाणी बघितलं.

"परसू, ह्यात पाणी कुणी ओतलं?"

"मी."

"मला फसवायला?"

"व्हय." आणि परसू लहान पोरासारखा रडायला लागला. "भरली होती गं आई, शप्पत! आभाळ दिसत होतं आत. अण्णांना इचार. माझी पोरगी नेऊ नको गं. उद्या ती मला मामा म्हणंल."

रंजितानं पोरीला उराशी घट्ट धरलं. मंजुनाथ अण्णा हात जोडून कन्नडमध्ये काहीतरी समजावायला पुढं झाले. गंगव्वानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ती कठड्यावर पालथी पडल्यासारखी ओणवली आणि आत कान लावून राहिली. विहिरीतून आवाज येत होता. चिखलात बुडबुडे फुटत होते, कुठल्या कुठल्या फटीत पाणी चुटूचुटू जात होतं.

"तुझा बाप गेला तवा त्याच्या तोंडात पाणी घातलं मी," ती तशीच ओणवून म्हणाली. "गालावनं वघळलं. थेंबभर सुदिक आत गेलं न्हाई. मेलेलं माणूस पाणी गिळत न्हाई, परसू."

ती उभी राहिली. "हिनं आख्खा टँकर गिळला. ही मेलेली न्हाई रं. तहानलेली हाय."

मग ती सुनेकडं वळली, "बघत काय उभी राहिलीस रंजिते? पाच खडे घे. ओटी काढ."

खडे मांडले, हळदीकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला. रंजितानं पोरीला दोन्ही हातांनी काठावर धरलं. खाली त्या परातीएवढ्या डबक्यात आभाळ मावलं होतं आणि आभाळात एक इवलंसं डोकं. पोरगी डोळे मोठे करून खाली बघत राहिली. वर काचेच्या खिडक्यांत माणसं कामं करत होती, रस्त्यावर हॉर्न कोकलत होते, आणि परसूला पहिल्यांदाच स्वप्नात जावंसं वाटलं नाही.

"वळखलं पाण्यानं," गंगव्वा म्हणाली. "आता ही हितली." नात मिळवायला आलेली बाई नात देऊन चालली होती, आणि ते तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

मग तिनं तांब्याचं फडकं सोडलं. परसू पोरीच्या पुढं सरकला. पण म्हातारी पोरीकडं वळली नाही. ती विहिरीवर वाकली. "ही आमची लांबनं आल्याली हाय," ती विहिरीला म्हणाली, "दोघी गुण्यागोविंदानं नांदा." आणि गावच्या विहिरीचं पाणी तिनं सावकाश आत सोडलं. तांब्याभर पाण्याचा आवाज तो कितीसा! पण वर उभ्या असलेल्या सगळ्यांना तो ऐकू आला.

निघताना तिनं रिकामा तांब्या परसूच्या हातात दिला.

"घेऊन जा की गावाला," तो म्हणाला.

"रिकामा नेऊ व्हय? ठेव तुझ्याकडं. ह्या विहिरीतनं शेंदून भरलास की फोन कर, न्यायला येते. तवर हिला उपाशी ठेवू नको."

तांब्या अजून परसूच्या घरी कोपऱ्यात आहे, जेवायला बसलं की समोर येतो. रोज संध्याकाळी शेवटची खेप झाली की टँकरच्या तळाशी जे काही उरतं ते परसू फणसाखाली नेऊन सोडतो, आणि मंजुनाथ अण्णा खुर्चीतून उठून बघायला येतात. पोरगी आता रांगते, आणि बाप दारात दिसला की "बा, बा" करत झपाझप पुढं येते. रंजिता हात पुसत बाहेर येते आणि विचारते, "काय म्हणती विहीर?"

"अजून पितीया," परसू सांगतो.